अंधाराची तजवीज

डिजिटल प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पांढरे, पिवळे, निळे असे काहीही तो पडद्यावर उमटवू शकतो, परंतु चित्रातला काळेपणा म्हणजे यंत्राने प्रकाश न पाठवलेली जागा, आणि त्या जागी प्रेक्षकाला जे दिसते तो खोलीतल्या उजेडात न्हालेला पांढरा पडदाच असतो. खिडक्या उघड्या ठेवलेल्या सभागृहात पडद्यावरच्या माणसांचे केस राखाडी आणि रात्रीचे आकाश धुरकट दिसते, त्याचे कारण इतके साधे आहे. कागदावर शाईचा ठिपका पडावा तसा अंधाराचा ठिपका पडद्यावर पाडता येत नाही; अंधार खोलीत आधीपासून असावा लागतो, आणि नसेल तर कोणीतरी तो आणावा लागतो. म्हणून प्रोजेक्टर लावणे हे जितके यंत्र हाताळण्याचे, तितकेच अंधाराची तजवीज करण्याचे काम आहे, पण यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका पहिल्या कामावर पानेच्या पाने खर्च करतात आणि दुसऱ्याची एखाद्या ओळीत बोळवण करतात.

या बोळवणीची किंमत किती, ते थोड्या आकडेमोडीने कळते. प्रोजेक्टरच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा ल्युमेनचा असतो. ल्युमेन हे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. हा प्रकाश जितक्या मोठ्या क्षेत्रावर पसरावा तितका पातळ होत जातो, आणि दर चौरस मीटरच्या वाट्याला किती ल्युमेन आले हे लक्समध्ये सांगितले जाते. ३००० ल्युमेनचे यंत्र २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच पडद्यावर रोखले, तर ३ चौरस मीटरांत वाटणी होऊन पडद्यावर १००० लक्स प्रकाश पडतो. त्याच पडद्यावर ट्यूबलाइट आणि खिडकी मिळून ३०० लक्स उजेड पडत असेल, तर चित्रातला पांढरा भाग १३०० लक्सचा आणि काळा म्हणवला जाणारा भाग ३०० लक्सचा होतो, म्हणजे दोघांतले प्रमाण साडेचारालाही पोचत नाही. अशा वेळी आयोजकांच्या मनात पहिला विचार येतो तो अधिक ताकदीचे यंत्र आणण्याचा. पण ल्युमेन दुप्पट करूनही हे प्रमाण आठापर्यंत जात नाही. उलट खिडक्या झाकून आणि दिवे मालवून पडद्यावरचा उजेड १० लक्सपर्यंत खाली आणला, तर जुन्याच यंत्रावर ते शंभराच्या घरात जाते. (यंत्राच्या भिंगातून काळ्या जागीही थोडा प्रकाश झिरपत असतो, तो येथे सोडून दिला आहे.) खिडकीवर सुतळीने बांधलेली जाड चादर हजारो रुपयांचे काम करते, ते असे.

ल्युमेनच्या आकड्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. ‘अँसी ल्युमेन’ या नावाने दिलेला आकडा पडद्याचे नऊ समान भाग करून, प्रत्येक भागाच्या मध्यावर पडणारा प्रकाश मोजून आणि त्याची सरासरी काढून आलेला असतो. नुसते ल्युमेन असे लिहून पाच आकडी संख्या मिरवणारी स्वस्त यंत्रे बहुधा आतल्या दिव्याचा प्रकाश सांगतात. भिंगातून बाहेर येईपर्यंत त्यातला किती उरतो, याबद्दल खोके मौन पाळते.

अंधाराचे हे महत्त्व जुन्या खेळवाल्यांना शिकवावे लागत नव्हते. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास जो जादूचा कंदील तयार केला, त्याचा दिवा इतका मंद होता की, काळोखाखेरीज चित्र दिसणेच शक्य नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले आणि त्यांना ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी विद्या, आणि तिच्या बळावर चालणारा हा कंदील. परदेशी यंत्राला मराठीत आणताना नामकरण करणाऱ्याने मायेला नावात पहिली जागा दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण भिंतीवर पडलेला प्रकाश हा कंदिलाचा भाग असला, तरी त्या प्रकाशात रथ धावताना दिसणे हा पूर्णपणे काळोखात बसलेल्या माणसांचा भाग होता. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि या कंदिलांचे दिवस भरत आले, तरी काळोखाची अट तीच राहिली. जत्रांतून फिरणाऱ्या तंबू सिनेमांना तर ती फारच काटेकोरपणे पाळावी लागे, कारण कापडाच्या भिंतींतून दिवसाचा उजेड आत येतो. तेथे खेळाची वेळ घड्याळापेक्षा सूर्य ठरवीत असे.

डिजिटल यंत्राने या परंपरेत नवे काय आणले, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात डोकावणे भाग आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये एक चिप सिद्ध केली, जिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही लहान असे लक्षावधी आरसे बिजागरीवर बसवल्यासारखे असतात. पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके दाखवणाऱ्या यंत्रात असे ७,८६,४३२ आरसे असतात, म्हणजे प्रत्येक ठिपक्यामागे एक. आरसा एका बाजूला कलला की दिव्याचा प्रकाश भिंगातून पडद्याकडे जातो, दुसऱ्या बाजूला कलला की तो यंत्राच्या आतल्याच एका काळ्या पृष्ठभागावर जाऊन विझतो. याखेरीज त्या आरशाला तिसरे काही करता येत नाही. मग राखाडी छटा येते कोठून? तर आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे कलतो, पडद्याकडे कललेला काळ आणि आत कललेला काळ यांचे प्रमाण बदलते, आणि क्षणभर आधी पाहिलेले चित्र डोळ्यात रेंगाळण्याच्या गुणामुळे, ज्याला दृष्टीसातत्य म्हणतात, पाहणाऱ्याला त्या उघडझापीऐवजी एक स्थिर छटा दिसते. रंगांचेही तसेच. लाल, हिरव्या आणि निळ्या काचांचे एक लहानसे चाक दिव्यासमोर वेगाने फिरत असते, तिन्ही रंगांची चित्रे एकामागून एक पडतात आणि त्यांची सरमिसळ पडद्यावर न होता पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते. नजर झटकन एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे नेली, तर काहींना पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्याची चमक दिसते, किंवा पडद्याचा फोटो काढला तर त्यात रंगीत पट्टे येतात. ही त्या चाकाची चोरी पकडली गेल्याची खूण आहे. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत आरशांऐवजी द्रवस्फटिकाच्या तीन लहान पट्ट्या असतात. त्या प्रकाश परतवण्याऐवजी अडवतात, तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर जातात, आणि त्यामुळे तेथे इंद्रधनुष्य दिसत नाही.

या रचनेतून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. बहुतेक साध्या यंत्रांत दिवा सतत सारखाच जळतो, म्हणून पडदाभर पांढरे पान दाखवले काय किंवा पडदाभर काळे, वीज जवळपास तितकीच लागते. काळ्या चित्राच्या वेळी सगळा प्रकाश आतल्या आत फेकून दिला जातो आणि त्याची उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडते. यंत्राला जो काही काळेपणा साधतो तो अशा उधळपट्टीतून साधतो, आणि तोही खोलीने साथ दिली तरच.

आता मांडणी. यंत्र पडद्यापासून किती दूर ठेवावे, हे ज्या गुणोत्तरावर ठरते त्याला व्यवहारात नुसते ‘थ्रो’ म्हणतात: भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. हे गुणोत्तर दीड असलेल्या यंत्राला २ मीटर रुंदीच्या चित्रासाठी ३ मीटर मागे बसावे लागते. झूमच्या कड्याने त्यात थोडीफार तडजोड होते, फार नाही. तरीही असंख्य ठिकाणी आधी टेबल कोठे आहे ते पाहिले जाते, त्यावर यंत्र ठेवले जाते, आणि मग चित्र पडद्याबाहेर का जाते याचा शोध सुरू होतो.

उंचीचा घोळ त्याहून जुना आणि त्याहून लोकप्रिय आहे. मागच्या रांगेतल्या माणसाला पुढच्यांच्या डोक्यावरून दिसावे म्हणून पडदा उंच टांगलेला असतो आणि यंत्र मात्र बसक्या टेबलावर असते. अशा यंत्रांची भिंगे मुळातच अशी बसवलेली असतात की, चित्राची खालची कड साधारण भिंगाच्या पातळीवर यावी आणि बाकी चित्र तिच्या वर उमटावे. पण पडदा त्याहूनही वर असतो, म्हणून पुढचा पाय फिरवून यंत्राचे नाक वर केले जाते, पाय अपुरा पडला की खाली एक वही सरकवली जाते, मग दुसरी, मग जाडजूड हजेरीपट, आणि मागून कोणीतरी ‘अजून थोडे वर’ असे सांगत राहतो. अशा रीतीने चित्र पडद्यावर पोचते खरे, परंतु त्याचा वरचा भाग भिंगापासून अधिक दूर गेल्यामुळे अधिक पसरतो आणि आयताचा समलंब चौकोन होतो. इंग्रजीत या विकृतीला ‘कीस्टोन’ म्हणतात, आणि तो शब्द गवंडीकामातून आला आहे: कमानीच्या माथ्यावर मधोमध बसवलेला, वर रुंद आणि खाली अरुंद असा जो पाचरीसारखा दगड बाकीच्या दगडांना जागेवर धरून ठेवतो, त्याच्यासारखा आकार म्हणून हे नाव. 

या विकृतीवर यंत्रात एक बटण असते आणि ते दाबले की चित्राच्या कडा पुन्हा सरळ होतात. ही दुरुस्ती फुकट मिळत नाही. भिंग तेथेच असते, कोन तोच असतो. फक्त यंत्र आतल्या चित्राला उलट्या दिशेने चेपते, म्हणजे वरच्या ओळींसाठी कमी ठिपके वापरते आणि कडेचे ठिपके रिकामे ठेवते. परिणामी बारीक अक्षरांच्या कडा फुटतात आणि अंधाऱ्या खोलीत त्या रिकाम्या कडांची मंद राखाडी चौकटही दिसते. जाणकार माणूस म्हणूनच नाक उचलण्याऐवजी सबंध यंत्र उचलतो; टेबलावर दुसरे टेबल, त्यावर यंत्र, तेही पडद्याशी काटकोनात, आणि बटणाला हात लावायचा तो उरल्यासुरल्या तिरकेपणासाठीच. छताला टांगलेले यंत्र उलटे असते, हे पुष्कळांना कोड्यात टाकते. पण ज्याचे चित्र भिंगाच्या वर पडते त्याला खाली पाडायचे तर यंत्र उलटे करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मग चित्र सुलट करण्याची सोय यंत्रात दिलेली असते. कंदिलाच्या काळात काच उलटी सरकवावी लागे, हे पाहता उलट्याचे सुलटे करण्याची कला या व्यवसायाला नवी नाही.

फोकस करायचा तो चित्रावर न करता अक्षरांवर करावा, कारण अस्पष्ट डोंगर डोळा खपवून घेतो, अस्पष्ट वेलांटी खपवून घेत नाही. शिवाय यंत्र तापले की भिंग किंचित हलते, म्हणून काही वेळाने तो पुन्हा पाहावा लागतो.

यंत्राचा खरा हट्टी अवयव म्हणजे दिवा. जुन्या आणि मध्यम किमतीच्या यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो: क्वार्ट्झच्या नळीत जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर असलेल्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत जळत राहते, आणि त्या वेळी आतला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट झालेला असतो. प्रकाश इतक्या लहान बिंदूतून यावा लागतो, कारण भिंगांना आणि आरशांना पसरट ज्योत गोळा करता येत नाही. नवा दिवा बसवताना काचेला बोट लावू नये म्हणतात, ते दिव्याच्या उष्णतेमुळे; बोटाचा तेलकट ठसा त्या तापमानाला काचेत डाग पाडतो आणि नेमकी तीच जागा दगा देते. दिवा मालवल्यावर पंखा काही मिनिटे चालू राहतो, तो ही उष्णता बाहेर काढण्यासाठी. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांना हा पंखा अवेळी थांबणे म्हणजे काय ते ठाऊक आहे: वीज जाते, दिव्याबरोबर पंखाही बंद पडतो, तापलेली काच जागच्या जागी कोंडली जाते, आणि पाच मिनिटांनी वीज आली तरी दिवा पेटत नाही, कारण पाऱ्याच्या वाफेचा दाब उतरल्याशिवाय ठिणगी पडत नाही. अधीर आयोजक त्या वेळी बटण पुनःपुन्हा दाबतो. संगणक बॅटरीवर चालू असतो, वक्ता उभा असतो, सभागृहात आयता अंधार झालेला असतो, आणि चित्र मात्र नसते. लेसरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांनी ही पंचाईत मिटवली. त्यांत निळा लेसर पिवळा उजेड देणाऱ्या एका लेपावर पडतो आणि दोहोंच्या मिश्रणातून बाकीचे रंग वेगळे काढले जातात. ती यंत्रे तत्काळ पेटतात, तत्काळ विझतात, आणि पाऱ्याचा दिवा काही हजार तासांत म्हातारा होतो तेथे त्यांचे आयुष्य वीस हजार तासांच्या आसपास सांगितले जाते.

जोडणीविषयी थोडक्यात सांगता येईल. तार खोचल्याबरोबर प्रोजेक्टर संगणकाला आपली ओळख देतो, म्हणजे आपल्याला किती ठिपक्यांचे चित्र झेपते ते कळवतो, आणि संगणक त्याप्रमाणे चित्र पाठवतो. ही ओळख सैल तारेमुळे किंवा मध्ये लावलेल्या कनेक्टरमुळे फसली की निळ्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. म्हणून आधी प्रोजेक्टर, मग तार, मग संगणक हा क्रम जुने हात पाळतात. संगणक दोन्हीकडे एकच चित्र दाखवू शकतो किंवा पडद्याला स्वतंत्र जागा मानू शकतो, आणि दुसरा पर्याय चुकून निवडला गेला की वक्त्याच्या समोर भाषणाचे पान आणि श्रोत्यांच्या समोर त्याच्या नातवंडांचा फोटो अशी विभागणी होते. मराठी वक्त्यांच्या नशिबी आणखी एक संकट असते: युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की संत तुकारामांच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा कालवा दिसू लागतो. घरून निघतानाच पीडीएफ करून घेणे, हा यावरचा बिनखर्चाचा उतारा.

अंधाराचा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो शाळेत. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांत गावाच्या लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले आणि ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी दारावर लागली. परंतु वर्गखोली ही वास्तू उजेडासाठी बांधलेली असते. खिडक्या मोठ्या आणि शक्यतो मुलांच्या डाव्या हाताला असाव्यात, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही, हा शाळाबांधणीचा जुना विचार. आणि त्यात दूरदृष्टी होती, कारण विजेवर भरवसा ठेवण्याची सोय नव्हती. प्रोजेक्टर या विचाराला नेमका उलटा प्रश्न विचारतो. खिडक्या झाकाव्यात तर वारा बंद होतो आणि मुलांना वही दिसत नाही. उघड्या ठेवाव्यात तर पडद्यावरचा नकाशा फिका पडून कोकण आणि अरबी समुद्र एकाच रंगाचे होतात. यातून निघणारा मार्ग म्हणजे फळ्याजवळचा भाग अंधारा आणि मुलांच्या बाकांचा भाग उजळ ठेवणे. येथे वायरमनने पूर्वी केलेली एक क्षुल्लक वाटणारी निवड आडवी येते: ट्यूबलाइटांची बटणे खोलीच्या लांबीने जोडलेली असली, तर फळ्याजवळची ट्यूब एकटी मालवता येत नाही, ती मालवली की तिच्या ओळीतली शेवटच्या बाकावरचीही जाते. म्हणून अनुभवी शिक्षक स्टुलावर चढून पुढची ट्यूब तिच्या पट्टीतल्या पट्टीत थोडी फिरवून ठेवतात. खडूची धूळ हा शाळेतला दुसरा शत्रू. यंत्राचा पंखा ती आत ओढतो, जाळी बुजते, हवा कमी पडते, दिवा तापतो आणि यंत्र स्वतःहून बंद होते. दुरुस्तीला नेलेल्या यंत्राचा आजार पुष्कळदा जाळी झटकण्याइतकाच निघतो. फळा आणि पडदा शेजारी शेजारी ठेवणाऱ्या वर्गाने म्हणूनच महिन्यातून एकदा तरी ती जाळी काढून साफ करायला हवी.

यंत्र आणि अंधार दोन्ही सांभाळणारा माणूस चित्रपटगृहांतील प्रक्षेपणाच्या खोलीत पगारी होता. रिळे बदलणे, कार्बनच्या कांड्या जवळ आणणे, फोकस सांभाळणे हे त्याचे काम डिजिटल यंत्रांनी संपवले, आणि ते संपताना त्याच्याकडची एक जाण बिनमालकाची झाली: कोणता दिवा केव्हा मालवायचा, कोणते दार कधी लोटायचे, पडद्यावर बाहेरचा कवडसा कोठून येतो. सभागृहे, महाविद्यालये, ग्रंथालये, लग्नाचे हॉल अशा शेकडो ठिकाणी प्रोजेक्टर पोचला, पण या कामाला त्या कोणत्याच जागी नेमलेला माणूस नाही. ते शिपायाच्या, तरुण शिक्षकाच्या किंवा ‘तुला त्यातले कळते ना’ म्हणून पुढे ढकललेल्या एखाद्या मुलाच्या अंगावर पडते. व्याख्यान रंगले तर श्रेय वक्त्याचे असते. चित्र फिके पडले तर मात्र माना यंत्राजवळ उभ्या असलेल्याकडे वळतात.

कार्यक्रम संपल्यावर त्याचे काम अर्धे उरलेले असते. आभारप्रदर्शन होते, दिवे लागतात, पडद्यावरचे चित्र असल्याचे नसल्यासारखे होते, खुर्च्या आवाज करीत एकमेकींवर चढू लागतात, आणि कोणीतरी घाईने भिंतीवरचा मुख्य खटका बंद करायला हात पुढे करतो. त्याला थांबवून हा माणूस यंत्राचे बटण दोनदा दाबतो, दिवा विझतो, पंखा मात्र घरघरत राहतो. तो थांबेपर्यंत तार काढायची नसते, म्हणून मधल्या वेळात तो स्टूल ओढतो, खिडक्यांवरच्या सुतळीच्या गाठी सोडतो आणि उतरवलेल्या चादरींच्या घड्या घालू लागतो.